सांबाराची जुडी

परवा साखरप्याच्या बाजारात भाजीवालीसमोर उकिडवा बसून मी म्हणालो, "एक जुडी सांबार द्या." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हातातला माठ खाली ठेवून तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "गुरुजी, हाटेल त्या अंगाला हाय. आनि जुडीत न्हाय देत ओ, वाटीत देतात." शेजारच्या दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. मीही हसलो. मला हवी असलेली कोथिंबीर तिच्या टोपलीत ओल्या गोणपाटाखाली होती, अगदी हाताच्या अंतरावर. तिचं नाव मात्र जिभेवर येईना. ज्या बाजारात आईचा पदर धरून फिरलो, त्या बाजारात मला कोथिंबिरीला कोथिंबीर म्हणता आलं नाही.

याच्या बरोब्बर उलटा प्रसंग २००७ सालच्या जुलैत घडला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातलं फाट्यावरचं एक गाव. मी नवा शिक्षणसेवक. महिना तीन हजार रुपये मानधन, तीन वर्षांची मुदत, खांद्यावर आईने शिवलेली पिशवी. रस्त्याकडेला एक म्हातारी भाजी घेऊन बसली होती. तिने विचारलं, "सांबार पायजे का सर?" मी म्हटलं, "नको, मी इडली वगैरे करत नाही, साधा डाळभात करतो." ती जरा वेळ विचारात पडली. "मंग वरनात काय टाकता?" मी काहीतरी बोलून सटकलो. आठ दिवस मी बिनकोथिंबिरीचं वरण खाल्लं आणि या मुलखात कोथिंबीरच पिकत नाही असं घरी पत्रात लिहिलं. तिच्यापुढे हिरवागार ढीग होता, तो मला दिसत होता. पण तो दुसराच काही पाला असावा, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. माणूस एकटा असला की समजुती घालून घेण्यात तरबेज होतो.

आमच्याकडे कोकणात माणूस एकटा पडायचा तो मुंबईत. आजोबा गिरणीत होते, काका गोदीत. खोलीत बारा जण पथाऱ्या पसरून झोपायचे आणि तरी एकटे असायचे, अशा गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्या एकटेपणाला वाटा होत्या, गाव-मंडळ होतं, शिमग्याला आणि गणपतीला घरी सोडणारी गाडी होती. पूर्वेकडे कुणी गेलेलंच नव्हतं. घाट चढला की देश, आणि देशाच्याही पलीकडे काय असतं याचा आम्ही विचार केला नव्हता. डी.एड. झाल्यावर ज्या जिल्हा परिषदेची जाहिरात निघेल तिथे अर्ज टाकायचा, असा आमच्या बॅचचा रिवाज होता. त्यात यवतमाळचं बोलावणं आधी आलं. घराला ते नाव माहीत होतं ते पेपरातून, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमधून. आदल्याच वर्षी, २००६ च्या जूनअखेर, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात जाऊन आले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. आईला कोटी कळत नव्हते. तिने एवढंच विचारलं, "तिकडे पाणी असतं ना रे?"

विदर्भ एक्स्प्रेसमधून सकाळी धामणगावला उतरलो, तिथून एसटीने यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, पांढरकवड्याहून काळी-पिवळी. काळी-पिवळीत आत चौदा आणि मागच्या पायरीवर तीन. प्रत्येक टप्प्यावर माणसं कमी होत गेली आणि आकाश वाढत गेलं. कोकणात आकाश म्हणजे दोन डोंगरांच्या मधला तुकडा. तो आपल्या मालकीचा वाटतो. इथे ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं, आणि खाली वीतभर उंचीची पऱ्हाटी, मैलोन् मैल. पुढे झरीकडे वळलं की साग लागतो, चढउतार येतात, जीव थोडा निवतो. पण तो पहिला तासभर मी खिडकीतून बघत होतो आणि मला लपायला जागा सापडत नव्हती.

खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरामागची. विटांच्या भिंती, वर कवेलू, एक खिडकी, एक खुंटी. दिवसाचे निम्मे तास वीज नसायची, त्यामुळे संध्याकाळ ही संध्याकाळीच यायची. दिवा लावून तिला पुढे ढकलता येत नसे. सगळ्यात अवघड गेलं ते भात करणं. मी आठ माणसांच्या घरातला. आमच्या टोपात तांदूळ पडताना आवाज व्हायचा. एका माणसाचा भात हा भातच नव्हे. तळाशी चमचाभर तांदूळ, त्यावर पेलाभर पाणी, आणि स्टोव्हची ज्योत टोपापेक्षा मोठी. तो एक तर करपायचा, नाही तर पेज व्हायची. मग मी दोन माणसांचा करायला लागलो आणि उरलेला सकाळी फोडणी देऊन खाऊ लागलो. ते दुसरं माणूस कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. आईने बांधून दिलेली सुकट एकदाच भाजली. घरमालकीण दारात आली, नाकाला पदर लावून, आणि फार अदबीने म्हणाली, "सर, काही मेलं का तुमच्या खोलीत?" उरलेली सुकट मी वर्तमानपत्राच्या चार पदरांत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. ती खाल्ली नाही, फेकलीही नाही. कधी फारच वाटलं तर पेटी उघडायचो आणि वास घेऊन पुन्हा बंद करायचो.

लंडनला, दुबईला गेलेल्या माणसाचं बरं असतं असं तेव्हा वाटायचं. विमानातून उतरतानाच त्याला ठाऊक असतं की ही दुसऱ्यांची भाषा आहे. चुकलं तर लाज वाटायचं कारण नाही. माझा परदेश मराठी बोलत होता. सातबारा तोच, पाठ्यपुस्तक तेच, एसटीचा लाल रंग तोच, परिपत्रकाखालची मुंबईची सहीसुद्धा तीच. फक्त शब्दांच्या आत भलतंच काही भरलेलं असायचं. शेताला वावर, बांधाला धुरा, बैलगाडीला बंडी, बटाट्याला आलू, शेंगदाण्यांना फल्ली. हे शब्द महिन्याभरात पाठ झाले. क्रियापदाशी मात्र मला झगडावं लागलं.

घरमालक रोज संध्याकाळी अंगणातून विचारायचे, "काय करून राह्यले सर?" पहिल्यांदा मला वाटलं, इथे राहून तुम्ही नेमकं काय करता, असं ते विचारतायत, भाडं वाढवायचा विचार असेल. मी सविस्तर उत्तर दिलं. शाळा, पगार, तीन वर्षांची अट. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तसं नाही बापा. आत्ता. आत्ता काय करून राह्यले?" मी तांदूळ निवडत होतो. आमच्या बोलीत माणूस जेवतो, झोपतो, वाट बघतो. इथे तो जेवून राहतो, झोपून राहतो, वाट पाहून राहतो. पाऊस येऊन राहतो, बस जाऊन राहते. कुठलंही काम करायचं तर त्याच्या शेपटीला राहणं लावल्याशिवाय ते पुरं होत नाही. व्याकरणात याला चालू काळ म्हणतात, मुलांना मीच तो शिकवत होतो. पण रात्री कवेलूंच्या फटीतून चांदणं उतरलं की मला ते वाक्य वेगळं ऐकू यायचं. जो राहायला तयार नव्हता, ज्याची पेटी अजून पुरती उघडलेली नव्हती, त्याला अख्खं गाव दिवसातून दहा वेळा राहण्याबद्दल विचारत होतं.

हे घरमालक मोठे मासलेवाईक होते. एकदा मी त्यांना म्हणालो, तुमच्याकडचं सगळंच वेगळं. ते म्हणाले, "तुमच्याकडचं कुठून आलं हो? मी शाळेत होतो तवा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मास्तर आमाले राजधानी नागपूर सांगे. मंग मुंबई सांगाले लागला." आणि ते खरंच होतं. हा वऱ्हाडाचा मुलूख निजामाचा. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात. मग मुंबई राज्य, आणि १९६० पासून महाराष्ट्र. जिल्ह्याचं नावसुद्धा आधी वणीवरून पडलेलं, यवतमाळ ते नंतर झालं. "आमी इथंच बसून राह्यलो," म्हातारा म्हणाला, "देश येऊन राह्यले, जाऊन राह्यले." मग विडी विझवून आत गेला.

शाळा फाट्यापासून आडबाजूला, कोलामांच्या पोडावर होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पंचवीस-तीस घरं, कुडाच्या भिंती, दारात बांबूच्या कांबी सोलत बसलेली माणसं, टोपल्या आणि तट्टे. शाळेच्या दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापक दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. त्यांनी पहिली-दुसरी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "घाई करू नका." मला वाटलं, ते अभ्यासक्रमाबद्दल बोलतायत.

मी घाई केली. कोकणातून आलेला नवा मास्तर, तयार केलेले तक्ते घेऊन. पहिल्या आठवड्यात प्राण्यांचा तक्ता टांगला. कुत्र्यावर छडी ठेवून विचारलं, हे काय? वर्ग चिडीचूप. तेवीस मुलं, शेहेचाळीस डोळे, एक शब्द नाही. मी पुन्हा विचारलं. शेवटी एक मुलगी अगदी हळू म्हणाली, "आते." मला हसूच आलं. आमच्याकडे बापाच्या बहिणीला आते म्हणतात. मी म्हटलं, अगं, ही आते कशी असेल? कुत्रा हा, कुत्रा! ती खाली बसली आणि त्या महिन्यात पुन्हा बोलली नाही. कोलामीत कुत्र्याला आते म्हणतात हे मला मुख्याध्यापकांनी डबा खाताना सांगितलं. ते सांगत होते सहज, पोळीचा तुकडा मोडता मोडता. माझा घास मात्र तोंडात फिरत राहिला. वर्गात एकाच मुलीने बरोबर उत्तर दिलं होतं आणि तिलाच मी हसलो होतो.

कोलामी ही मराठीची बोली नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ती द्राविडी कुळातली. तिचं नातं गोंडीशी, तेलुगूशी. पाण्याला ईर. मी कितीतरी दिवस पावसाळ्यातल्या इरल्याचा विचार करत होतो. आणि घराला एल्ला. हा शब्द मला एका सहा वर्षांच्या मुलाने शिकवला. तो नवा दाखल झालेला, दारालगत बसायचा आणि तासाला एकदा तरी म्हणायचा, एल्ला. रडत नसे, हट्ट करत नसे. आपण वेळ सांगावी तसं सांगायचा. मी हातवारे करून त्याला बसवायचो. त्याचं घर वर्गाच्या खिडकीतून दिसत होतं. साठेक पावलांवर. त्याच्या आईचं लुगडं कुडावर वाळत घातलेलं दिसायचं. माझं घर दोन रात्रींच्या प्रवासावर आणि त्याचं साठ पावलांवर, आणि तो शब्द तो ज्या आवाजात म्हणायचा, तो आवाज मी ओळखत होतो. पेटी उघडून वर्तमानपत्राचा वास घेताना मी काही बोललो असतो तर तसंच बोललो असतो.

मला इतके दिवस वाटत होतं की या खोलीत परका माणूस एकच आहे आणि तो खुर्चीवर बसलाय.

मुख्याध्यापकांजवळ हे बोललो तेव्हा त्यांनी काही मोठं भाष्य केलं नाही. त्यांच्या घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी आणि पुस्तकात ते म्हणतात तसली "छापील" मराठी. पहिलीत असताना मास्तरांनी त्यांना नाव विचारलं, त्यांना प्रश्न कळला नाही, म्हणून शेजारच्याने सांगितलेलं उत्तर त्यांनी घोकून म्हटलं; ते शेजारच्याचं नाव होतं. वर्षभर हजेरीत दोन मुलं एकाच नावाची होती. "मग?" मी विचारलं. "मग काय. राहिलो," ते म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं की मरे एमेनो नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने कोलामीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे, १९५५ साली छापलेलं. सातासमुद्रापलीकडचा माणूस येतो, कोलामांजवळ बसतो, ईर आणि एल्ला लिहून घेतो. मी अकरा वर्षं त्यांच्यात राहिलो, आणि माझी कोलामी शंभरेक शब्दांची वही आणि मोडक्या वाक्यांच्या पुढे गेली नाही. याला कारणं देता येतील: कागद, माहिती, सर्वेक्षणं, निवडणुका, शालेय पोषण आहाराचा हिशेब. ती कारणं खरीच आहेत. तरीही ती वही अर्धी कोरी राहिली, आणि तिची लाज मला वाटते.

त्याच प्रशिक्षणात पैनगंगेपलीकडच्या एका जोडप्याविषयी ऐकलं. पोडाच्या दक्षिणेला थोडं गेलं की पैनगंगा. तेव्हा पलीकडे आंध्र होता, २०१४ नंतर तेलंगणा झाला. तिथल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई नावाचं गोंडांचं गाव आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात अडकला. त्याचा पासपोर्ट जर्मन, म्हणजे शत्रूचा. त्याला निजामाच्या राज्याबाहेर जायची बंदी झाली. तो आणि त्याची बायको बेट्टी गोंडांत जाऊन राहिले. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं, म्हणजे पोरांना शिकवायला बाहेरचा मास्तर न आणता त्यांच्यातलाच माणूस उभा करायचा. बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादला वारली, तिची समाधी मारलवाईत आहे. नंतर त्याचेही अवशेष तिच्या शेजारी आणून ठेवले. मी एकदा तिथे जायचं ठरवलं होतं. नदीपर्यंत गेलो. पूर होता. मग राहूनच गेलं.

या माणसाचं कौतुक करताना मला थोडी धास्तीही वाटते. अडकलेल्या माणसाला काम सापडलं की तो तरतो, हे सोपं उत्तर झालं. माझ्याबरोबर परजिल्ह्यातून लागलेले नांदेडचे, बीडचे, नगरचे आठ-दहा जण रविवारी पांढरकवड्याला जमायचे. चहा, भजी, बदलीच्या अफवा. कुणाचं लग्न ठरत नव्हतं, कारण मुलीकडचे गावाचं नाव ऐकूनच फोन ठेवत. त्यांतले काही जण कामात झोकून देणारे होते आणि तरीही रविवारी संध्याकाळी त्यांचा चेहरा उतरायचाच. एक जण दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून गेला. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची पेटी गाडीत चढवली आणि मग बराच वेळ स्टँडवरच उभे राहिलो.

दिवाळीच्या सुमारास पोडावर दंडार नाचायचे. ढोलाचा आवाज फाट्यापर्यंत यायचा. आणि सुट्टी संपवून मी परत येईपर्यंत कापूस फुटलेला असायचा. मग वर्ग रिकामा व्हायचा. तेवीसपैकी सहा, कधी चार. पोरं आईबापांबरोबर वेचणीला. पहिल्या वर्षी मी रिकाम्या वर्गात बसून राहिलो, (बघा, जिभेला कसं वळण लागतं), आणि हजेरीपत्रकावरच्या रिकाम्या चौकटी मोजल्या. दुसऱ्या वर्षी उठून वावरात गेलो. आतेवाली मुलगी एका ओळीत होती, कमरेला ओटी बांधलेली. मी तिच्या शेजारच्या ओळीला लागलो. कापूस वेचणं सोपं वाटतं. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखांच्या कडेला टोचतात. अर्ध्या तासात माझी बोटं रक्ताळली. ती काही न बोलता माझ्या ओळीत आली आणि तीन बोटांनी कसं उपसायचं ते दाखवलं, एका ओढीत, पाचोळा न लागता. दोनदा दाखवलं. मग तिसऱ्यांदा, हळू. आणि मला जमेना तेव्हा ती हसली. मोठ्याने, सगळ्या वावराला ऐकू जाईल असं. ते हसणं माझ्याकडे दीड वर्षापासून थकलेलं होतं.

त्यानंतर काही चमत्कार घडला असं नाही. ती पुढे चौथीपर्यंत शिकली आणि आश्रमशाळेत गेली. मीही एकटा राहायचा थांबलो नाही. पण फाल्गुनात पळस पेटल्यावर पोरं शाळेत येताना मोहाची फुलं आणायची, टेंभरं आणायची, आणि टेबलावर ठेवताना त्यांची नावं मला विचारायची. आपल्या भाषेत. चुकलो की एकमेकांकडे बघून खूश व्हायची. एप्रिलमध्ये सकाळची शाळा, दहालाच पत्रे तापायचे. मे महिन्यात मी कोकणात यायचो तेव्हा आई म्हणायची, "तू झोपेत काय बडबडतोस? कळत नाही एक अक्षर."

२०१८ मध्ये आपसी बदली झाली. हा आमच्या खात्यातला अजब प्रकार आहे. इकडचा एक तिकडे जायला तयार असेल आणि तिकडचा एक इकडे, तर दोघांनी अर्ज करायचा. म्हणजे आपल्यासारखाच एक उलट्या दिशेने झुरणारा माणूस शोधून काढायचा. मला सापडले ते आर्णीकडचे. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ वर्षं काढलेले. आमची भेट अशी झालीच नाही, सगळं फोनवर. पहिल्याच फोनमध्ये ते म्हणाले, "सर, खरं सांगा, तुमच्या गावातला पाऊस काहून थांबत नाही? चार महिने माह्या चादरीले वास येते." मी त्यांना उन्हाबद्दल विचारलं नाही. ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतंच. उन्हाचं नाव काढलं की त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

त्यांच्या जागी मी रुजू झालो. शाळेत त्यांचं असं काही उरलं नव्हतं. कपाटाची चावी, दोन डस्टर, विज्ञानाची पेटी. पण कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलने एक यादी लिहिलेली होती. मेर म्हणजे धुरा. पऱ्या म्हणजे नाला. पेज म्हणजे पातळ भात, मीठ टाकून. कोथिंबीर म्हणजे सांबार. अशी चाळीस-एक शब्दांची, खाली खाली बारीक होत गेलेली. म्हणजे हेही माझ्यासारखेच पहिल्या आठवड्यात बिनसांबाराचं वरण जेवले होते तर. एका ओळीत नुसतंच 'पागोळी म्हणजे' असं लिहून पुढे जागा सोडली होती. छपराच्या कडेवरून पावसाची जी धार लागते तिला आम्ही पागोळी म्हणतो. त्यांना शब्द सापडला नसेल, किंवा तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली असेल. मी ती यादी पुसली नाही. रंगारी आला तेव्हा दार काढून बाजूला ठेवायला लावलं.

कोलामी शब्दांची माझी वही मी पोडावरच्या कपाटात ठेवून आलोय, की ती सामानात कुठे हरवली, ते मला आता आठवत नाही. एकदा फोनवर त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, पाहतो.

गेल्या जूनच्या शेवटी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. बदल्यांचं बोलणं झालं, पोरांच्या शिक्षणाचं झालं. त्यांच्याकडे पेरण्या खोळंबल्या होत्या. दोनदा ढग येऊन गेले, थेंब नाही. आमच्याकडे तीन दिवस झोड होती. बोलता बोलता ते थांबले. "सर, तुमच्या मागं आवाज येऊन राह्यला तो पावसाचा का?"

मी हो म्हटलं.

"जरा फोन बाहेर धरता का? त्या पागोळीखाली. भिजू नका देऊ, बाजूनं धरा."

मी ओटीवर आलो आणि हात लांब करून फोन वळचणीखाली धरला. किती वेळ धरायचा हे त्यांनी सांगितलं नव्हतं. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. आतून आईने विचारलं, "तिथे अंधारात काय करतोस रे?"

"पागोळी ऐकवून राह्यलो," मी म्हणालो.